ओल्या लोखंडावरची रेघ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बाबांना नाही, माझ्याबरोबर पत्रकं वाटत फिरलेल्या पोरींना नाही, आणि ज्यांना सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. संधी मिळाली नाही असंही म्हणता येत नाही. मी त्यांच्या दारात गेले होते, त्यांनी मला चहा दिला, आणि मी चहा पिऊन परत आले. त्याबद्दल पुढे लिहिते. लिहीनच — असं स्वतःला बजावते आहे, कारण मी इथवर याआधी चार वेळा आले आहे आणि चारही वेळा कागद फाडले आहेत.

तुम्ही मला ओळखत असाल तर एका पत्रकामुळे. 'रतिरामला कामावर घ्या' — गुलाबी कागद, दोन्ही बाजूंनी छापलेला, खाली माझं नाव. ते गोंदियात चौकात वाटलं गेलं, मग फोनवरून फिरलं, मग एका लहान मासिकानं छापलं, आणि मग लोक मला लेखिका म्हणायला लागले. आता सभांना बोलावतात. माईकसमोर उभी करून ओळख करून देतात — ही पोरगी कुणाच्या बापाला घाबरत नाही.

ते पत्रक खोटं आहे.

म्हणजे, सगळं नाही. सगळं खोटं असतं तर कुणीतरी पकडलं असतं. रतिराम खरे आहेत, त्यांना कामावरून काढलं हे खरं आहे, त्यांच्यावर अन्याय झाला हेही खरं. तो कुणी केला — तेवढंच त्यात नाही.

मी पत्रकांतच वाढले. बाबा बिडी कारखान्यात होते आणि युनियनची पत्रकं तेच लिहायचे. उरलेले गठ्ठे आमच्या खाटेखाली असायचे, माझ्या वह्यांना त्यांचीच कव्हरं. मी अक्षरं जोडायला शिकले ती 'कामगार बंधू-भगिनींनो' पासून. बाबांचा एक नियम होता — पत्रकाच्या खाली लिहिणाऱ्याचं नाव पाहिजेच. बिननावाचं पत्रक म्हणजे झाडामागून मारलेला गोटा. आणि नाव खाली असलं की वर खोटं लिहिताना हात अडखळतो, असं ते म्हणायचे.

माझा अडखळला नाही, बाबा. अजिबात अडखळला नाही.

डिप्लोमा झाल्यावर मी गोंदियाजवळ, फुलचूरच्या पुढे एका वर्कशॉपमध्ये लागले. लोखंडी शेड बनवणारं वर्कशॉप. खांब, छपराच्या तिकोनी कैच्या, पत्र्याखालचे आडवे — सगळं आमच्याकडे कापायचं, वेल्ड करायचं, रंगवायचं, ट्रकमध्ये भरायचं आणि जागेवर नेऊन बोल्टांनी उभं करायचं. बहुतेक कामं राइस मिलची. उसन्या, म्हणजे धान उकडून काढलेल्या, तांदळाच्या मिलमध्ये वाफ फार, तिथला पत्रा लवकर गंजतो, त्यामुळे गंज आमच्या लोकांना अनोळखी नव्हता. पण तो आमच्या इकडचा गंज. दिसतो, कळतो, घासून पुन्हा रंग मारला की काही वर्षं गप्प बसतो. समुद्र कुणाला माहीत होता?

मग कोकणातल्या एका खाडीकाठच्या बर्फाच्या कारखान्याची शेड आमच्याकडे आली. काम चोख आहे की नाही ते तपासणं ही माझी नोकरी. सगळे मला 'क्वालिटीवाली मॅडम' म्हणायचे. त्या शेडवर मी जीव टाकला — एवढं तरी मला म्हणू द्या. खारी हवा लोखंडात कुठून शिरते ते मी महिनाभर वाचत होते. सपाट जागेवर रंग जाड बसतो, पण कडेवरून ओसरतो आणि पातळ होतो. वेल्डच्या खडबडीत भागात आणि बोल्टच्या भोकात तर नीट पोचतच नाही. म्हणून समुद्राकाठच्या कामात आधी प्रत्येक कड, प्रत्येक वेल्ड, प्रत्येक भोक ब्रशनं हातानं रंगवायचं. पट्टा देणं म्हणायचो आम्ही त्याला. मग सगळ्यावर स्प्रे.

आणि त्याआधी एक गोष्ट. लोखंड कोरडं हवं. नुसतं दिसायला कोरडं नव्हे — खरोखर कोरडं. घासून पांढरं केलेलं लोखंड दमट सकाळी दव धरतं, डोळ्याला दिसणार नाही इतकं पातळ. त्यावर मारलेला रंग लोखंडाला चिकटतच नाही, मधल्या पाण्यावर बसतो. आमच्याकडे तो तसाही काही वर्षं टिकला असता. खारी हवा त्याच्याखाली एका पावसाळ्यात शिरते. म्हणून मला एक लहानसं यंत्र दिलेलं होतं, लोखंडाचं तापमान आणि हवेतली ओल मोजणारं. रोज काम सुरू व्हायच्या आधी मोजायचं, आकडे रजिस्टरमध्ये लिहायचे, सही करायची. मी 'हो' म्हटल्याशिवाय रंगाचा डबा उघडायचा नाही.

सही माझी. 'हो' माझं. हे विसरू नका — मी विसरायचा फार प्रयत्न केला आहे.

ब्रशचा पट्टा द्यायचे रतिराम काकाजी. पन्नाशी ओलांडलेले, दरेकसाचे, रोज गाडीनं येणारे. बोलणं कमी. कडेवरून अंगठा फिरवून ते सांगायचे की इथे रंग कमी बसला आहे, आणि मी जाडी मोजायचं यंत्र लावून बघितलं की खरंच कमी असायचा. कडा का महत्त्वाच्या ते मी त्यांना समजावायला गेले होते, हातात चार पानांचं टिपण घेऊन, अगदी मॅडम होऊन. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे समुद्राले जीभ रायते. ढोर लोना लागलेली भीत चाटते ना बाई, कोपऱ्यापासून? तसंच." भिंतीतलं मीठ चाटणारं ढोर माझ्या चार पानांत नव्हतं.

समुद्र पाहायची त्यांना हौस होती. शेड उभारायला जाणाऱ्या गड्यांना ते बजावून सांगत होते, येताना थोडा समुद्र बाटलीत भरून आना. स्प्रेवाला मनोहर म्हणाला, "काकाजी, थो का देसी आहे का, बाटलीत आनाले?" काकाजींनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. म्हणाले, "तू नोको पिऊ, मग झालं."

त्यांची स्वतःची एक तपासणी होती. मापाच्या खुणा करायला वर्कशॉपमध्ये खडू असतोच. रंग लावायच्या आधी ते लोखंडावर वीतभर रेघ ओढायचे. लोखंड कोरडं असलं की रेघ भरीव आणि पांढरी येते. ओल असली की खडू घसरतो, रेघ मध्येमध्ये तुटते. पाहून झालं की फडक्यानं पुसायची आणि मग ब्रश बुडवायचा. रोज. मी दोन महिने गुपचूप ताडून पाहिलं होतं — त्यांचा खडू आणि माझं यंत्र. एकदाही दोघांचं वेगळं निघालं नाही.

म्हणजे मला माहीत होतं. हे आधीच सांगून ठेवते, पुढे सुटायला वाट राहू नये म्हणून.

पोळ्याच्या आधीचा आठवडा. रात्रभर पडून पाऊस सकाळी उघडला होता, हवा ओल्या फडक्यासारखी अंगाला लागत होती. असल्या दिवशी ऊन वर येऊन लोखंड तापेपर्यंत थांबायचं, हे ठरलेलं. पण थांबलं असतं तर काम संध्याकाळपर्यंत गेलं असतं, आणि शेवटचा हात होईपर्यंत मला तिथून हलता आलं नसतं. आणि दुपारी चौकात सभा होती. बिडी वळणाऱ्या बायांसाठी लिहिलेलं माझं एक पत्रक वाटलं जाणार होतं — ते गुलाबी नव्हे, त्याच्या आधीचं. माझं पहिलं भाषण होतं.

बस, एवढंच कारण. कुणी धमकावलं नव्हतं. सेठजींनी, म्हणजे वर्कशॉपच्या मालकांनी, घाई केली नव्हती. घरी कुणी आजारी नव्हतं. मला भाषणाला जायचं होतं.

मी यंत्र खणातून काढलंच नाही. रजिस्टर उघडलं, वरच्या ओळीतले कालचे आकडे खालच्या ओळीत उतरवले, दशांशासकट, आणि सही केली. अर्धं मिनिट लागलं असेल.

काकाजी आले आणि म्हणाले, "आज नोको, बाई. लोखंडाले घाम सुटला आहे. दोन घंटे ऊन खाऊ दे." मी म्हटलं, आकडे बरोबर आहेत, लावा. त्यांनी खिशातून खडू काढला, समोर आडव्या ठेवलेल्या खांबाच्या पायथ्याशी रेघ ओढली, आणि बाजूला झाले. मी पाहावं म्हणून.

ती रेघ कशी आली होती, मी ती पाहिली का — ते शेवटी लिहिते. आत्ता जमत नाही.

मी म्हणाले, "काकाजी, तुमचा खडू म्हातारा झाला आता." मनोहर हसला. मग बाकीचेही हसले. मीही हसले. काकाजींनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यात; राग असता तर मला उलट चढून बोलता आलं असतं. ते म्हणाले, "मॅडम म्हनते तं लावतो." त्या दिवसापर्यंत त्यांनी मला कधी मॅडम म्हटलं नव्हतं. बाई म्हणायचे. त्यांनी ब्रश बुडवला. आणि रोज पुसायचे ती रेघ त्या दिवशी पुसली नाही. विसरले? की मुद्दाम ठेवली? मला आजही माहीत नाही. रंग तिच्यावरूनच गेला.

दुपारी मी चौकात बोलले. माझ्या पत्रकाचं पहिलं वाक्य काय होतं ठाऊक आहे? 'मालकाच्या कागदापेक्षा कामगाराचा शब्द मोठा.' मी ते दोनदा म्हटलं, दुसऱ्यांदा मूठ वर करून. टाळ्या पडल्या. बिडीच्या कामावरून थेट आलेल्या बायांनी माझे हात हातात घेतले. आणि त्याच वेळी फुलचूरच्या पुढे ते खांब ओल्या अंगावर रंग पांघरून वाळत पडले होते, एका कामगाराचा शब्द खाली दाबून.

शेड गेली, उभी राहिली. गड्यांनी काकाजींना खरंच बाटलीभर समुद्र आणून दिला. एक पावसाळा गेला आणि कोकणातून फोटो आले. माझ्या फोनवर — कारण क्वालिटीची मी. बारा फोटो. आठ-दहा खांबांवरचा रंग फोडासारखा फुगलेला, काही ठिकाणी पापुद्रे लोंबत होते, आणि खाली लाल लोखंड. तिथल्या माणसानं एक मोठा पापुद्रा हातानं सोलून, उलटा करून, त्याचाही फोटो काढला होता. नववा फोटो.

त्या पापुद्र्याच्या आतल्या बाजूला खडूची रेघ होती. वीतभर. जशी ओढली होती तशीच, रंगाला चिकटून लोखंडावरून उचलून आलेली.

तिथल्या माणसाला ती रेघ म्हणजे एक पांढरा डाग. सेठजींनाही तेच वाटलं असतं. ती वाचू शकणारी दोनच माणसं होती जगात. मी सेठजींना फोटो पाठवले. अकरा पाठवले.

कुणाला काही दुखापत झाली नाही. खांब पुन्हा घासले, रंगवले, काही भाग बदलावे लागले. कोणी मेलं नाही — हे वाक्य मी स्वतःला इतक्या वेळा ऐकवलं आहे की आता ते ऐकूनच मला शिसारी येते. कोणी मेलं नाही म्हणजे काय? माणसाचं काय काय मेल्यावर तो मेला म्हणायचा?

सेठजींनी आम्हाला ऑफिसात बोलावलं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी रंग मी सांगितला तोच आणला होता, हलका नाही. डबे मी स्वतः तपासून घेतले होते. हे मुद्दाम लिहिते, कारण पत्रकात मी उलट लिहिलं. ते टेबलामागे बसले होते, काकाजी दाराशी उभे, मी मध्ये रजिस्टर घेऊन.

"मॅडम, रजिस्टर क्या बोलता है?"

मी पान उघडून पुढे केलं. आकडे बरोबर होते. कालचे होते, पण बरोबर होते. दोन ओळी एकाखाली एक, अगदी सारख्या — श्रावणात दोन सकाळी कधी दशांशापर्यंत सारख्या असतात का हो? कुणीही पाहिलं असतं तर कळलं असतं. पण सही केलेल्या रकान्यात कोण बघतं?

काकाजी दारातून म्हणाले, "त्या दिवशी लोखंड ओलं होतं, सेठजी. मी बाईले सांगतलो होतो."

"बताया था?" सेठजींनी मला विचारलं.

इथे मला थांबता आलं असतं. 'हो' — एवढंच. ज्या शब्दासाठी मला पगार मिळायचा तोच शब्द. मी म्हणाले, "रोजच काही ना काही म्हणत असतात ते. रजिस्टरमध्ये आहे तेच खरं."

मालकाच्या कागदापेक्षा कामगाराचा शब्द मोठा — कोण म्हणालं होतं हे, चौकात, मूठ वर करून?

सेठजी ओरडले नाहीत. हळूच म्हणाले, "हाथ में अब वो बात नहीं रही, रतिराम. उमर हो गई." बस. काकाजींनी स्वतःचे हात पाहिले. उलटे केले, सुलटे केले. ते हात वर्कशॉपमध्ये सगळ्यांना माहीत होते, दुसऱ्या वर्कशॉपची माणसंही कठीण वेल्ड आला की रतिरामचा पट्टा पाहायला यायची. ते हात पाहत ते बाहेर गेले.

आणि मग मी ते पत्रक लिहिलं.

एका बैठकीत लिहिलं, इतकं आतून आलं. मला वाटलं, मी भांडेन, त्यांना परत आणीन, म्हणजे झालं ते पुसलं जाईल. मी लिहिलं की मालकानं हलका रंग वापरला आणि दोष एका म्हाताऱ्या, गरीब, अडाणी माणसावर ढकलला. मी लिहिलं, या माणसाचे पांढरे केस पाहा. मी लिहिलं, याला हाकलताना तुमचा हात कसा थरथरला नाही? — हे मी दुसऱ्याला विचारत होते. खाली नाव टाकलं. बाबांनी वाचलं, चष्मा काढला, बराच वेळ पुसत राहिले. म्हणाले, विशाखा, आता तुला शिकवायचं माझ्याजवळ काही उरलं नाही.

वर्कशॉपचे लोक अर्धा दिवस गेटबाहेर बसले. सेठजी नमले. चौकीदार म्हणून ठेवतो म्हणाले. लोकांनी माझ्या नावाच्या घोषणा दिल्या. त्या गर्दीतून काकाजी माझ्याकडे आले, हातात तो गुलाबी कागद, चौघडी केलेला. ते सावकाश वाचायचे, पण वाचायचे — अडाणी नव्हते ते, तेही मी खोटंच लिहिलं होतं.

"लय मोठं लिवलीस, बाई," ते म्हणाले. "म्हातारा लिवलीस, गरीब लिवलीस. लोखंड ओलं होतं, थे काऊन नाही लिवलीस?"

मी काय बोलले? म्हणाले, "काकाजी, त्यानं काय झालं असतं? नोकरी तर मिळाली ना." ते वळले. मग सेठजींना जाऊन सांगितलं, चौकीदारी मी नाही करत, मी पेंटर आहे. आपला ब्रश फडक्यात गुंडाळला आणि दुपारच्या गाडीनं गेले. लोक म्हणाले, म्हातारा हट्टी आहे. मीही म्हणाले.

त्यांना नोकरी नकोच होती. त्यांना एक ओळ हवी होती. त्या दोन पानांत मी दया मागितली, न्याय मागितला, क्रांतीसुद्धा मागितली, आणि ती एक ओळ तेवढी लिहिली नाही. कारण ती लिहिली असती तर दुसरी ओळ लिहावी लागली असती.

काही महिन्यांनी मी वर्कशॉप सोडलं. लिहू लागले. आणि यंदा उन्हाळ्यात, नक्की काय सांगायचं ते गाडीत पाठ करत करत, दरेकसाला गेले.

काकाजी अंगणात होते. आता जंगलाच्या कामाला जातात, मिळेल तेव्हा. रंगाला हात लावत नाहीत. गावच्या शाळेचं फाटक रंगवायचं होतं, त्यांना कुणी विचारलं नाही. गोंदियाहून आलेल्यांनी सांगितलं होतं ना, याचा रंग सुटतो म्हणून. गावातली पोरं त्यांना 'समुद्रवाला' म्हणतात. हे त्यांनी मला हसत सांगितलं. काकूंनी चहा आणला. काकूंना हसू येत नव्हतं.

मग ते आत गेले आणि एक काचेची बरणी घेऊन आले. तळाशी पाणी, आणि त्यात एक बोल्ट. गड्यांनी आणलेला तो समुद्र. वर्कशॉपमधला एक टाकाऊ बोल्ट त्यांनी घासला होता, कोरड्या दिवशी, खडूची रेघ पाहून, आणि स्वतःच्या ब्रशनं रंगवून त्यात टाकला होता — समुद्राची जीभ मोठी का आपला हात, ते पाहायला. पाणी आटलं की साधं पाणी ओततात, मीठ तर आतच राहतं.

"पाय, बाई," ते म्हणाले.

मी पाहिलं. बोल्टवर गंजाचा एक ठिपका नव्हता. इतक्या महिन्यांनी. आट्यांच्या कडेलासुद्धा नाही.

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. पण तेच आधी बोलले, माझ्याकडे न बघता, बरणी हातात फिरवत. "मी लय विचार केलो. तुहं यंत्रच बिघडलं असन त्या दिवशी. तू तरी का करशील? यंत्रानं सांगतलं, तू लिवलीस. तुहा दोष नाही." मग म्हणाले, "तेवढं मले लिहून देशील का? का यंत्र बिघडलं होतं. शाळेच्या मास्तरले दाखवतो."

त्यांनी मला वाट काढून दिली होती. दोन वर्षं त्यांनी जी गोष्ट शोधली ती माझी सुटका करणारी. आणि मी — मी मान हलवली. हो म्हणाले. म्हणाले, तसंच झालं असेल, काकाजी. लिहून पाठवते. चहा संपवला. काकूंना नमस्कार केला. गाडीला अजून तासभर होता तरी स्टेशनवर येऊन बसले.

ते लिहूनही पाठवलं नाही. यंत्र चांगलं होतं. कुणी तपासलं असतं तर कळलं असतं. मी तेवढासुद्धा धोका पत्करला नाही.

नववा फोटो माझ्याजवळ आहे. फोन बदलला तेव्हा नव्या फोनमध्येही आला. मी तो पुसत नाही आणि दाखवतही नाही. अशी माणसं असतात, हे मी पत्रकांत कितीदा लिहिलं आहे — दुसऱ्यांविषयी.

आता ते उरलेलं लिहिते.

रंग चांगला होता. यंत्र चांगलं होतं. ते खणात होतं. रतिराम काकाजींचा हात चांगला होता, आजही आहे, बरणीत पाहून या. आकडे आदल्या दिवसाचे होते आणि मी लिहिले होते. त्या सकाळी लोखंड ओलं होतं आणि काकाजींनी मला तसं सांगितलं होतं. आणि त्यांनी खांबाच्या पायथ्याशी रेघ ओढली, बाजूला झाले, तेव्हा मी वाकले होते. ती तीन ठिकाणी तुटली होती.

मी पाहिली होती.